डॉलहाउसला लाकडी फ्लोअरिंग करायचंय, आइसक्रीमच्या काड्या चालतील का?

भातुकलीवेडी:
नमस्कार मंडळी. भाचीसाठी डॉलहाउस करतेय, १:१२ स्केल, म्हणजे खऱ्यातला एक फूट तो आपला एक इंच. दोन मजली वाडा करायचाय, सांगाडा ५.५ मिमी एमडीएफमधून सुताराकडून कापून आणलाय, एकेक खोली १४ बाय १० इंच. फ्लोअरिंग लाकडाचंच हवंय, प्रिंट काढून चिकटवलेला कागद नको, फोटोत बरा दिसतो पण हात लावला की कळतंच. क्राफ्टच्या दुकानात आइसक्रीमच्या काड्या मिळतात त्या वापरू का? किती लागतील, रंग आधी द्यायचा की नंतर, आणि फेविकॉलने सगळं वाकतं म्हणतात ते खरं का?

रंधा_पटाशी:
चालतील की. साधी काडी १० मिमी रुंद असते, म्हणजे तुमच्या स्केलला पावणेपाच इंची फळी झाली, शोभते. गोल टोकं उडवली की कामाची लांबी १० सेंमीच्या आसपास उरते, त्या हिशोबाने एका खोलीला नव्वदेक काड्या, पण पाकिटात वाकड्या, पिळलेल्या निघतातच तेव्हा सव्वाशे धरून चाला. कात्री लावू नका, उभी चिरते. कटरने दोन्हीकडून खाच मारायची, मोडायची आणि टोक पॉलिशपेपरवर घासायचं.

थेट एमडीएफवर लावत बसू नका, खोलीत हात घालून काड्या सरळ ठेवणं म्हणजे शिक्षा आहे. खोलीच्या मापाचा पुठ्ठा कापा, चारी बाजूंनी मिलिमीटरभर कमी, त्याच्यावर बाहेरच फ्लोअर जमवा आणि मग अख्खा तुकडा आत सरकवा, कडेची फट स्कर्टिंगच्या पट्टीखाली जाते. सांधे विटांच्या थरासारखे मागेपुढे ठेवा. वाकायचं म्हणाल तर फेविकॉल पाण्याचा असतो, पुठ्ठा नि लाकूड दोन्ही ते पाणी पितात आणि वाळताना एका बाजूने खेचतात. पातळ हात मारा, पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही कागद चिकटवा म्हणजे ताण दोन्हीकडून सारखा, आणि वर प्लॅस्टिक टाकून जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवा. आत्ता पावसाळ्यात करणार असाल तर दोन रात्री.

अर्धा_कप_चहा:
रंग आधी!! फेविकॉल जिथे सांडून वाळला तिथे स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, शिरतच नाही, पांढरट डाग राहतो आणि तो नेमका खोलीच्या मध्यभागी येतो. जुनं लाकूड हवं असेल तर बाजारचा स्टेन नको, घरी करा. काचेच्या बरणीत पांढरं व्हिनेगर आणि त्यात बारीक स्टील वुल, हार्डवेअरवाल्याकडचं, भांडी घासायची स्टेनलेसची तार नाही, ती विरघळत नाही. झाकण घट्ट लावू नका, गॅस तयार होतो. एक-दोन दिवसांनी गाळून घ्या. काड्यांना आधी कडक काळ्या चहाचा हात द्या, वाळू द्या, मग हे पाणी लावा. चहातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की लाकूड डोळ्यांदेखत काळपट होत जातं. काड्यांच्या लाकडात टॅनिन जवळपास नसतंच म्हणून चहा हवाच, चहाशिवाय नुसतं हे पाणी लावाल तर फिकट राखाडी होऊन बसेल. सगळ्या काड्या एकाच घट्टपणाच्या चहात बुडवू नका, दोन-तीन वेगळे चहा करा, फळी-फळीत फरक दिसला तरच खरं वाटतं. सांध्यात काळी रेघ हवी असेल तर काडीच्या कडेवरून पेन्सिल फिरवा.

रंधा_पटाशी:
+१. फक्त रंग दिल्यावर काड्या पुन्हा वाकतात, त्या दाबून वाळवून मगच चिकटवा. शेवटी ३२० नंबरचा पेपर हलक्या हाताने, आणि लाखेचं पॉलिश. पीयूची (पॉलियुरेथेन वॉर्निशची) चकाकी या स्केलला प्लॅस्टिक वाटते.

जुनीकडी:
जरा मध्ये तोंड घालतो. वाडा करताय ना, मग खाली लाकडी जमीन कशाला? तळमजल्याला सारवलेली जमीन नाहीतर दगडी फरशी. आणि माडीवरही, बऱ्याच वाड्यांत तुळयांवर कड्या (म्हणजे आडवे बारीक वासे), कड्यांवर तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं आच्छादन, आणि तक्तपोशीवर मातीचा थर घालून वरून सारवण असायचं. म्हणजे लाकूड दिसतं ते खालच्या खोलीत बसून वर बघितल्यावर! तेव्हा तुमच्या काड्या माडीच्या जमिनीला उलट बाजूने लावा, खाली चौकोनी पट्टीच्या कड्या द्या. १० मिमी त्यासाठी अरुंद वाटेल, वाड्याच्या फळ्या चांगल्या रुंद असायच्या, सुताराकडे सागाच्या व्हिनियरचे तुकडे मागा, टाकाऊच असतात, अर्धा मिमी जाड, कटरने पट्टीवर धरून हव्या त्या रुंदीत कापता येतात. ते फेविकॉलने गुंडाळी होतात, रबर सोल्यूशनच लावा.

अर्धा_कप_चहा:
रबर सोल्यूशन एकदा टेकलं की हलवता येत नाही हां, आणि वास डोक्यात जातो. खिडकी उघडी ठेवून.

भातुकलीवेडी:
अरे वा, हे तक्तपोशीचं डोक्यातच नव्हतं, थँक्यू जुनीकडी. मग तळमजल्याला सारवण, छताला व्हिनियर. माडीच्या जमिनीला मात्र काड्याच लावणार, इतिहास माफ करेल, भाचीला बाहुलीचा पलंग लाकडावर सरकवायचाय. आता सारवणासाठी काय वापरू, मातीच्या रंगाचा पोस्टर कलर पुरेल का?

जुनीकडी:
रंग नको, सपाट दिसतो. माती मैद्याच्या चाळणीने चाळा, फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून त्यात कालवा आणि बोटांनीच अर्धगोल फिरवत पसरा. थर कागदाएवढाच, जाड झाला की वाळताना भेगा पडतात.