तंत्वर्बुद, तंतुगाठ आणि ‘सौम्य’ हे विशेषण

प्रश्न : रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचे भाषांतर करताना ‘फायब्रोमा’साठी (तंतुमय ऊतीची, कर्करोगाची नसलेली गाठ) ‘तंतुअर्बुद’, ‘तंत्वार्बुद’ आणि ‘तंतुगाठ’ असे तीन शब्द आढळले. यांपैकी शुद्ध कोणता आणि वाचकाला कळेल असा कोणता?

उत्तर : तंतु + अर्बुद यांचा संधी ‘तंत्वर्बुद’ असा होतो, पुढचा स्वर ऱ्हस्व ‘अ’ असल्यामुळे ‘तंत्वार्बुद’मधला काना चुकीचा आहे. संधी न करता ‘तंतुअर्बुद’ लिहिले तरी चालावे, असे माझे मत आहे. ‘अर्बुद’ (म्हणजे ट्यूमर) हा शब्द सुश्रुतसंहितेत येतो आणि तेथे त्याचे वर्णन गोल, स्थिर, मंद वेदनेचे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे असे केले आहे. यातील ‘न पिकणारे’ हे लक्षण मोलाचे आहे, कारण त्याने गळू वेगळे पडते. आपला ‘गाठ’ हा शब्द मात्र गळू, सुजलेली लसीका ग्रंथी आणि अर्बुद या तिन्हींना सारखाच लागतो. तरीही रुग्णाच्या हाताला लागते ती गाठच. त्वचेतील अशी टणक गाठ दोन बोटांच्या चिमटीत धरली की ती वर येण्याऐवजी मध्ये खळी पडून आत ओढली जाते, आणि हे स्वतः अनुभवलेल्या माणसाला ‘तंतुमय ऊतीची गाठ (तंत्वर्बुद)’ हे शब्द लगेच पटतात. पहिल्या उल्लेखात असे लिहावे, पुढे नुसते ‘तंतुगाठ’ पुरे.

गर्भाशयातील ‘फायब्रॉइड’ला मात्र ‘तंतुगाठ’ म्हणू नये. नावात तंतू असले तरी ती गाठ मुख्यतः गर्भाशयाच्या स्नायूंपासून बनते. तेथे ‘फायब्रॉइड’ हाच रूढ शब्द ठेवावा.

प्रश्न : आणि ‘बिनाइन’साठी, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या गाठीसाठी, वापरले जाणारे ‘सौम्य’ हे विशेषण?

उत्तर : ते मला खटकते. ‘सौम्य ताप’ म्हणजे कमी ताप, त्यामुळे ‘सौम्य अर्बुद’ वाचणाऱ्याला तो थोडासा कर्करोगच वाटतो आणि नको ती धास्ती बसते. ‘दुर्दम’ (कर्करोगाची) या शब्दाच्या जोडीचा ‘सुदम’ हा शब्द नेमका आहे, पण अपरिचित असल्यामुळे त्याच्यापाठोपाठ ‘म्हणजे कर्करोगाची नसलेली’ एवढे जोडावेच. डेस्मॉइडच्या बाबतीत हेही पुरत नाही : ही तंतुमय गाठ शरीरात दूरवर पसरत नाही, पण आजूबाजूच्या ऊतींत घुसते आणि काढल्यावर पुन्हा होऊ शकते, म्हणून तिच्यासाठी एका विशेषणावर न थांबता तिचे हे वागणे पूर्ण वाक्यात सांगावे.