टांझानियाच्या मुलीला आजीच्या झाडपाल्यावर पीएचडी करायचीय, फेलोशिप कुठली?

अंगणातली_काकू:
आमच्या वरच्या खोलीत टांझानियाची मुलगी राहते. अमरावती रोडच्या कॅम्पसात बॉटनीत एमएस्सी करतेय, आयसीसीआरच्या, म्हणजे केंद्र सरकारकडून परदेशी मुलांना मिळते त्या शिष्यवृत्तीवर. परवा मी गव्हात टाकायला कडुनिंबाचा पाला वाळत घालत होते, तर म्हणते, काकू, आमच्याकडे याला म्वारोबाइनी म्हणतात. अरोबाइनी म्हणजे चाळीस. चाळीस रोगांवरचं झाड! तिची आजी गावात असाच पाला देते, तिला पीएचडी त्यावरच करायचीय. मी म्हटलं, सोबत गडचिरोलीचे वैदूही घे. बरोबर सांगितलं ना? अन् अशा कामाला पैसे देतं कोण?

रेशीमबाग७:
गडचिरोली राहू द्या काकू. इथल्या वनस्पती किंवा त्यांविषयीचं लोकांचं ज्ञान परदेशी नागरिकाला संशोधनासाठी घ्यायचं तर २००२च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३ प्रमाणे चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. राज्याचं मंडळ आपल्या नागपुरातच आहे, पण ही परवानगी त्यांच्या हातात नाही. ग्रामसभेला विचारणं वेगळंच.

फील्डवर्कवाली:
शिवाय आफ्रिकी तरुणांसाठीच्या कित्येक फेलोशिपना उमेदवार तिकडच्याच विद्यापीठातला लागतो. एसएसआरसी या अमेरिकी सामाजिक संशोधन परिषदेची २०११ पासूनची ‘नेक्स्ट जनरेशन’ फेलोशिप बघा. टांझानियासह मोजक्या देशांतल्या विद्यापीठांसाठी आहे. प्रस्ताव, फील्डवर्क आणि प्रबंधलेखन, तिन्हींसाठी वेगवेगळे पैसे. सेनेगलमधल्या डाकारची १९७३ सालची कोडेस्रिया ही आफ्रिकी संशोधन संस्थाही आहे. पण दोन्ही सामाजिक शास्त्रांवाले. ‘पाल्यात कोणतं रसायन’ असं मांडलं तर दार उघडायचं नाही. पाला कधी तोडायचा हे आजी कोणाला शिकवते, कोणापासून लपवते, असं मांडा. या फेलोशिप अजून चालू आहेत का अन् यंदाच्या अटी-तारखा काय, हे मात्र साइटवर बघूनच घ्या.

रेशीमबाग७:
अन् आजीची संमती आधी घ्या बाप्पा, लेखी. हूडिया नावाच्या निवडुंगासारख्या झाडाचं माहीत आहे ना? दक्षिण आफ्रिकेतले सान लोक शिकारीवर भूक मारायला ते चघळायचे. पेटंट दुसऱ्यांनीच घेऊन टाकलं. सान लोकांशी नफ्यातल्या वाट्याचा करार झाला २००३मध्ये, तोही गवगवा झाल्यावर.

अंगणातली_काकू:
सगळं तिला समजावून सांगितलं. तिनं लगेच आजीला व्हॉट्सॅपवर विचारलं, तू शिकवतेस कोणाला? आजी म्हणाली, तुझ्या धाकट्या बहिणीला. तू तर विमानात बसून गेलीस. तेव्हापासून वर रुसून बसलीय. पिठलं केलंय, हाक मारते.