मदत हवी आहे: 'अपकृत्य' म्हणजे नेमके काय?

बागायतदार_तासगाव: शेजारच्या उसातील तणनाशकाचा फवारा वाऱ्याने माझ्या द्राक्षबागेवर आला आणि कोवळी पाने पंख्यासारखी आखडली. वकील म्हणतात, अपकृत्याचा दावा लावू. मला शेजाऱ्याला तुरुंगात घालायचे नाही, भरपाई हवी आहे. हा शब्द गुन्ह्याचा आहे का आणि आला कुठून? कृपया लवकर सांगावे.

विटेकर: फवारणी कधी झाली, औषध कोणते, पंचनामा केला का? यातले काहीच लिहिलेले नाही.

मिरजेचा_वाचक: अपकृत्य म्हणजे 'टॉर्ट'. मूळ लॅटिन 'टॉर्टम', म्हणजे पिळलेले, वाकडे. नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून तो इंग्लंडच्या कायद्यात रुजला आणि तेथून आपल्याकडे आला. आपल्या 1963 च्या मुदत अधिनियमात त्याची व्याख्या आहे: केवळ कराराचा किंवा न्यासाचा भंग नसलेली दिवाणी आगळीक. या दाव्यात शिक्षा नसते. भरपाई किती, ते न्यायालय ठरवते.

कवठेमहांकाळकर: फळपीक विमा उतरवला होता का? आधी तिकडे अर्ज करा.

मिरजेचा_वाचक: ती योजना हवामानाच्या धोक्यांसाठी आहे, शेजाऱ्याच्या फवाऱ्यासाठी नाही, आणि प्रश्नही तो नाही.

जुना_कारकून: निष्काळजीपणा सिद्ध करण्याचीही गरज नाही. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात 1868 साली, जलाशयाचे पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरल्यावर, मालकाची चूक नसतानाही त्याला जबाबदार धरले होते.

विटेकर: ते तत्त्व जमिनीच्या असाधारण वापराला लागते. उसातली फवारणी हे रोजचे शेतकाम असल्याने समोरचा वकील हाच मुद्दा काढील. त्यापेक्षा वारा सुटलेला असताना, शेजारी द्राक्षे दिसत असताना फवारले, हा निष्काळजीपणा दाखवणे भक्कम ठरेल.

बागायतदार_तासगाव: ऑक्टोबर छाटणीनंतर, मागच्या हंगामात घडले. शेजारी औषधाचे नाव टू-फोर-डी सांगतो. फोटो आहेत, पंचनामा नाही.

विटेकर: मग शेजाऱ्याचे ते बोलणे लेखी किंवा साक्षीदारासमोर घ्या. अशा दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, परंतु पुरावा तोवर थांबत नाही. फोटोंच्या मूळ फाइली पुसू नका, आणि नेहमीचे उत्पन्न दाखवणाऱ्या व्यापाऱ्याच्या जुन्या पट्ट्या वकिलांकडे घेऊन जा.