मदत हवी आहे: मासेमारीसाठी पहिली कयाक, बजेट बेताचं

मंडळी, तलावात गळ टाकायला कयाक (अरुंद, हलकी छोटी होडी) घ्यायची आहे, पण खिसा हलका आहे. पेडलवाली परवडणार नाही, म्हणून वल्ह्याची सिट-ऑन-टॉप (आत नाही, वर उघड्यावर बसायची) बघतोय. खरा घोळ लांबीचा. 10 फुटी उचलायला, वळवायला सोपी. 12 फुटी सरळ आणि वेगात जाते, पण एकट्याने गाडीच्या टपावर चढवायची कशी? रुंदी 34 इंच असेल तर 240 सेंमीचं वल्हं पुरेल ना? माझं वजन 90 किलो, शिवाय सामान. भारक्षमता किती धरू? हवा भरायची कयाक गळांमुळे नको वाटते (उगाच भीती?). लाइफ जॅकेट नवंच घेणार, तिथे काटकसर नाही. बाकी सगळं जुनं चालेल. जुनी कयाक घेताना तळाला, स्कपर होलपाशी (पाणी निचरायची आरपार भोकं) नेमकं काय तपासायचं? आणि फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) सुरुवातीला लागतोच का?