मदत हवी आहे: थिक टार्गेट फिटमध्ये लो एनर्जी कटऑफ खाली घसरतो

सूर्यकण: ओस्पेक्समध्ये (सौर एक्सरे वर्णपट फिट करायचं सॉफ्टवेअर) एका सौर फ्लेअरला थर्मल (तापलेल्या वायूचा भाग) अधिक थिक टार्गेट (वेगवान इलेक्ट्रॉन दाट थरात पूर्ण थांबतात असं मॉडेल) लावलंय. कटऑफ (त्या इलेक्ट्रॉनांची किमान ऊर्जा) मोकळा सोडला की ९ केईव्हीवर (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) जातो आणि इलेक्ट्रॉनांची शक्ती अवाच्या सवा येते. २० वर बांधला तरी काय-स्क्वेअर (फिट किती जुळतं याचं माप) जवळपास तोच! खरा आकडा कुठला? लवकर सांगा, अडलंय.

डावखुरा: कुठला फ्लेअर? कुठलं उपकरण? फिट कितीपासून कितीपर्यंत?

सूर्यकण: रेसी (नासाचा सौर एक्सरे उपग्रह), २३ जुलै २००२, एक्स ४.८ (एक्स म्हणजे सर्वांत तीव्र वर्ग). शिखराची २० सेकंदं, ६ ते १०० केईव्ही.

पहाटतारा: अल्बेडो सुधारणा चालू आहे का? फोटोस्फिअरवरून (सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागावरून) उलटलेले फोटॉन ३०-४० केईव्हीला फुगवटा आणतात. आधी ते करा.

डावखुरा: हा फ्लेअर सूर्याच्या पूर्व कडेजवळ, ७२ अंशांवर होता. अल्बेडोचा जोर तबकडीच्या मध्यावर. इथे तो मुद्दा दुय्यम. खरी चूक ६ पासून फिट करण्यात आहे. शिखरावर दोन्ही अटेन्युएटर (डिटेक्टरपुढे येऊन एक्सरे कमी करणारे पडदे) आत होते. तेव्हा १० च्या खालचे काउंट बहुतेक वरच्या फोटॉनांचे असतात, डिटेक्टरच्या जर्मेनियमचा के-एक्सरे ऊर्जा घेऊन बाहेर निसटल्यामुळे खाली सरकलेले. १५ पासून सुरू करा.

पहाटतारा: कमी असला तरी शून्य नाही. एका क्लिकचं काम आहे, करून घ्यावं.

गणिती: कटऑफ असा एकच आकडा मिळत नाही. खालच्या पट्ट्यात थर्मल भाग एवढा जास्त असतो की कटऑफ खाली कुठेही न्या, वर्णपट हलत नाही. म्हणून १० पासून ४० पर्यंत दोन-दोन केईव्हीने बांधत जा, दर वेळी बाकीचं पुन्हा फिट करा. काय-स्क्वेअर चढायच्या आधीचा सर्वांत वरचा कटऑफ घ्या आणि शक्ती 'किमान' म्हणूनच लिहा. डेल्टा (इलेक्ट्रॉन वर्णपटाचा उतार) ५ असेल तर २० ऐवजी १० धरल्यावर इलेक्ट्रॉन १६ पट, शक्ती ८ पट. तुमचा फुगलेला आकडा तिथूनच येतोय.

निळावंती: वॉर्म टार्गेट (इलेक्ट्रॉन थांबवणारा वायू गरम धरणारं मॉडेल) वापरा, हा घोळच राहत नाही.

गणिती: त्याला लूपची (फ्लेअरच्या चुंबकीय कमानीची) लांबी, घनता आणि तापमान लागतं. ती प्रतिमेतून काढताना होणारी चूक सरळ उत्तरात शिरते.

दूरदर्शी: याच फ्लेअरमध्ये वेगवान प्रोटॉनांमुळे उमटणाऱ्या २.२२३ एमईव्हीच्या (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) गॅमा रेषेचा उगम एक्सरेच्या जागेपासून सुमारे २० आर्कसेकंद दूर दिसला होता. प्रोटॉनांचंही बघा!

सूर्यकण: प्रोटॉन नकोत हो. १५ पासून केलं, पण आता ३६ जवळ रेसिड्युअलमध्ये (मोजलेलं आणि फिट यांतल्या फरकात) उंचवटा आलाय.

डावखुरा: पाइल-अप. १८ चे दोन फोटॉन एकदम लागले की ३६ चा एकच मोजला जातो. पाइल-अपचा घटक फिटमध्ये घाला, मगच कटऑफचा आलेख काढा.