बुडतं ते अस्सल?
अगरू म्हणजे राळ मुरलेलं सुगंधी लाकूड. त्याचं कोरीव पेंडंट घेताना ‘पाण्यात बुडलं की अगरू अस्सल’, असं सांगतात. अर्धंच खरं आहे ते. चिनी नाव ‘छनश्यांग’, म्हणजे बुडणारा सुगंध, हे बरोबर. पण राळ कमी असेल तर चीनच्या हायनान बेटावरचं अस्सल लाकूडही तरंगतं, आणि तेल दाबून भरलेलं नकली झटकन तळ गाठतं. मी भिंग घेऊन शिरा बघतो. फिकट लाकडात तपकिरी-काळ्या, वेड्यावाकड्या हव्यात. सगळीकडे सारखाच काळा रंग दिसला की पेंडंट खाली ठेवायचं. माझ्याकडच्या क्वानयिनच्या (आपला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, तिकडे स्त्रीरूपात) पेंडंटमध्ये कारागिराने गडद शीर नेमकी वस्त्राच्या चुणीत आणलीय, चेहरा फिकट ठेवलाय. वास थंड असताना जेमतेम. मुठीत ऊब मिळाली की खुलतो. डबी उघडताच घमघमाट सुटला तर सरळ वरून अत्तर लावलंय समजा.