मदत हवी आहे : पाणी आणि वाफ एकत्र वाहताना ऊर्जा समीकरणातील कोणते पद वगळू नये?

विद्यार्थी, जळगाव :
नमस्कार. धुळे जिल्ह्यातील एका कारखान्याच्या कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी) वाहून नेणाऱ्या नळीचे गणित मी एम. टेक.च्या प्रकल्पासाठी मांडले आहे. गतिज ऊर्जा, स्थितिज ऊर्जा, श्यानतेची (प्रवाहातील अंतर्गत घर्षणाची) उष्णता आणि अक्षीय (नळीच्या लांबीच्या दिशेचे) उष्णतावहन ही पदे मी वगळली. उत्तरात नळीच्या टोकाशी केवळ पाणी येते, प्रत्यक्षात तेथून वाफेचा लोट निघतो. कोणते पद परत घेऊ? सोमवारी सादरीकरण आहे, कृपया लवकर सांगावे.

तापीतीर :
दाब किती, तो गेजवरचा (हवेच्या दाबाहून जास्त असलेला) की निरपेक्ष (हवेचा दाब धरून), व्यास आणि प्रवाह किती, पाणी-वाफेचे गुणधर्म कोणत्या दाबाचे घेतले, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

भुसावळकर :
नळीला ग्लासवूल गुंडाळावे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तरीही उघड्या नळीतून पुष्कळ उष्णता वाया जाते.

विद्यार्थी, जळगाव :
सर, आवरण आहे. अडचण समीकरणात आहे. ट्रॅपच्या (वाफ अडवून पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) आधी गेजवर ६ बार, शेवटी उघडी टाकी, व्यास ५० मिमी, प्रवाह ताशी १ टन. गुणधर्म सर्वत्र आरंभीच्या दाबाचे आहेत.

गिरणाकाठ :
वाफ आणि पाणी एकाच वेगाने वाहतात हे गृहीतकच चुकीचे आहे. दोन्हींची समीकरणे वेगळी लिहा.

तापीतीर :
गिरणाकाठ, त्यासाठी दोन प्रावस्थांमधील (पाणी आणि वाफ यांमधील) उष्णता-विनिमयाची सूत्रे लागतील आणि ती यांच्याजवळ नाहीत. शिवाय दोन्हींचे तापमान समान धरले, तर वेगातील फरकाने वाफेचे वस्तुमान जवळजवळ बदलत नाही. बदलतो तो तिचा आकारमानातील वाटा आणि दाबातील घट.
विद्यार्थी मित्रा, ती पदे वगळण्यात चूक नाही. टोकाशी वेग सेकंदाला ३० मीटर धरला, तरी गतिज ऊर्जा किलोमागे ०.४५ किलोज्यूल भरते. चूक स्थिर गुणधर्मांची आहे. ७ बार निरपेक्ष (म्हणजे गेजवरच्या ६ बार) दाबाला संपृक्त (उकळबिंदूवरच्या) पाण्याची एन्थाल्पी (त्यातील उष्णता-ऊर्जेचे माप) किलोमागे सुमारे ६९७ किलोज्यूल असते, १ बारला ४१७. या दोन्हींतील फरक २८० ला सुप्त उष्मा (पाण्याची वाफ होण्यास लागणारी उष्णता) २२५८ ने भागल्यास सुमारे १२ टक्के पाण्याची वाफ होते. नळीचे तुकडे पाडून प्रत्येकात त्या दाबाचे गुणधर्म घ्या.

गिरणाकाठ :
वस्तुमानाचे मान्य. दाबातील घट काढताना मात्र वेगातील फरक सोडू नये, असे माझे मत कायम आहे.

विद्यार्थी, जळगाव :
१२ टक्के आले, मनापासून आभार. ट्रॅप सतत उघडा नसतो, थोड्या थोड्या वेळाने उघडतो, हे लिहायचे राहिले.

तापीतीर :
मग कालानुसार दाब बदलण्याचे पद ठेवावेच लागेल. सेकंदाला १ बार उतार असेल, तर त्या पदाचे मूल्य घनमीटरमागे १०० किलोवॉट होते. ट्रॅप किती वेळ उघडा राहतो?